गाडी क्रमांक एकवीस आणि डबल बेल

आमच्या पुंडलिकनगरच्या घराच्या फाटकाला डाव्या बाजूला एक खांब आहे. दिवाळीत आबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, त्या खांबाला गाडी घासली. खांबाला काही झालं नाही. गाडीच्या डाव्या दाराला मात्र पुढून मागपर्यंत ओरखडा पडला आणि घरात युद्धाला तोंड फुटलं. माझा नवरा प्रशांत म्हणाला, "आबा, सदुसष्ट वय झालं, आता चावी माझ्याकडे द्या." आबा म्हणाले, "नाय." पुढचे पंधरा दिवस दोघांची भाषणं याहून फारशी लांबली नाहीत.

आबा एसटीचे निवृत्त चालक. तेहतीस वर्षं लाल गाडी हाकली आणि कुणाला साधं खरचटलंसुद्धा नाही. त्याबद्दल मिळालेला बिल्ला आमच्या देव्हाऱ्यात गणपतीच्या शेजारी असतो आणि रोज त्यालाही हळदकुंकू लागतं. अशा माणसाकडून चावी मागायची म्हणजे काय, ते मला कळत होतं. प्रशांतलाही कळत होतं, पण दाराच्या रंगाचं बिल त्याने भरलं होतं.

अशात कॉलनीच्या ग्रुपवर निरोप आला. शहरातल्या गाडीवेड्या मंडळींच्या एका क्लबने एक दिवसाची रॅली ठेवली होती. शहरातून फुलंब्री, खुलताबाद, दौलताबाद करत पैठण. नवशिक्यांसाठी वेगळा गट, प्रवेश फी अडीच हजार, जेवण त्यातच. प्रशांत जेवता जेवता म्हणाला, "एवढी खुमखुमी आहे तर जा की रॅलीत." तो चिडवत होता. आबांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि म्हणाले, "जातो."

मग विजेच्या बिलाच्या मागे करारनामा झाला. गाडी पहिल्या निम्म्या नंबरांत आली तर चावी आबांकडे राहणार आणि खांबाचं नाव घरात निघणार नाही. नाही आली तर दुसऱ्या दिवशी चावी प्रशांतच्या जुडग्यात. दोघांच्या सह्या, साक्षीदार म्हणून माझी. गाडीत शेजारी बसून रस्ता सांगणारा माणूस लागतो, त्याला नॅव्हिगेटर म्हणतात. प्रशांत विरुद्ध पक्षाचा, म्हणून तेही माझ्याच गळ्यात पडलं. मी नववी-दहावीच्या गणिताच्या शिकवण्या घेते, एवढीच माझी पात्रता. चालत्या गाडीत वाचलं की मला उलटी होते, हे करारात कुणी लिहिलं नाही.

आता ज्यांच्या मनात असं काही करायचं असेल त्यांच्यासाठी थोडं सांगते. रॅली म्हटलं की आपल्याला उडणारा धुरळा आणि हवेत गेलेली गाडी दिसते. तशा रॅल्याही असतात, पण ही तशी नव्हती. इथे तुम्हाला एक वही देतात. त्यात वळणांचे बाण, किलोमीटर आणि प्रत्येक टप्प्याला ठरवून दिलेला सरासरी वेग. त्या वेगाने, सेकंद न सेकंद जुळवत जायचं. वाटेत कुठे तरी झाडाआड पंच लपलेले असतात. एक सेकंद उशीर झाला तर एक गुण दंड, आणि एक सेकंद लवकर पोचलात तर दोन. म्हणजे घाई करणाऱ्याला दुप्पट शिक्षा. हे समजल्यावर आबा पहिल्यांदा हसले. "ही तर माझी नोकरी झाली," म्हणाले.

आदल्या दिवशी सिडकोतल्या एका मैदानावर गाड्यांची तपासणी होती. लायसन्स, विमा, पीयूसी घेऊन जा, झेरॉक्स चालत नाही. दोघांचीही नावं आणि लायसन्स लिहून घेतात, कारण वाटेत चालक बदलायची मुभा असते. माझं लायसन्स नऊ वर्षांपूर्वीचं, काढल्या दिवसासारखं कोरं करकरीत. त्यानंतर मी फक्त स्कूटी चालवली होती. ते पाहून तपासणारा मुलगा म्हणाला, "मॅडम, लई जपून ठेवलंय."

आम्हाला एकवीस नंबर मिळाला. दारावर नंबराचा मोठा स्टिकर चिकटवला तो नेमका ओरखड्यावर बसला. आबांनी तो तळहाताने दोनदा दाबून पाहिला.

तिथेच बावीस नंबरची जोडी भेटली. इरफानभाई गॅरेज चालवतात आणि खऱ्या धुरळ्याच्या रॅल्यांतही उतरतात. त्यांच्या नॅव्हिगेटर साळवे मॅडम, कॉलेजात भूगोल शिकवतात. सहा वर्षं दोघं एकत्र स्पर्धा करतात. इरफानभाईंना वही अजिबात वाचता येत नाही आणि मॅडमना गिअर टाकता येत नाही, त्यामुळे भांडण होत नाही म्हणे. मी मॅडमना विचारलं, काही सल्ला? त्या म्हणाल्या, "ड्रायव्हरला विचारायचं नाही, सांगायचं. 'डावीकडे वळू या का?' असं म्हणालात की संपलं. आणि एक आवळा तोंडात ठेवा." माझा चेहरा पाहूनच त्यांना आवळ्याचं सुचलं असावं.

सकाळी सातला सुटायचं होतं. थंडी नुकती पडायला लागली होती. आबा खाकी पँट इस्त्री करून तयार. गाडीभोवती एक फेरी, चारी टायरांना एकेक लाथ, चाकाखाली लिंबू. मी धपाटे, दह्याचा डबा, चमचा आणि स्टीलची पाण्याची बाटली घेतली होती. पंचांनी वेळेचं कार्ड दिलं, शिक्का मारला. आबांनी त्यांना नमस्कार केला तो थेट वाहतूक नियंत्रकाला करतात तसा.

पाच, चार, तीन, दोन, एक. झेंडा पडला. आबा बसलेलेच.

"आबा, चला!"

"व्हय, चलतो की."

हात स्टिअरिंगवर, पहिला गिअर पडलेला, नजर समोर. गाडी जागेवर. मला वाटलं, क्लच गेला. मागून इरफानभाईंनी काचेतून मुंडकं काढलं. "अरे चाचा, झेंडा गिर गया ना! कायको रुके?"

आबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या कपाळावर घाम होता. हळूच म्हणाले, "सुनबाई, बेल दे ना."

"कसली बेल?"

"डबल!"

घरची गाडी आबा एरवी बेलशिवाय चालवतात, त्यात काही अडत नाही. पण वेळेचा कागद, शिक्का, समोर इशारा देणारा माणूस हे सगळं जमून आल्यावर त्यांच्या अंगात आगार संचारलं होतं. कंडक्टरने दोनदा घंटी वाजवल्याशिवाय गाडी हलवायची नाही, हे तेहतीस वर्षांत त्यांच्या पायात मुरलं होतं. डोक्याला कळत होतं, पाय ऐकत नव्हता. मी दह्यातला चमचा उचलला आणि पाण्याच्या बाटलीवर हाणला. टण टण. गाडी सुटली. पंचांच्या झेंड्यावर दही उडालं, आमची चाळीस सेकंदं गेली.

"आवाज बसका येतोय," सावंगीच्या पुढे आबा म्हणाले. "गाडीत लई गर्दी असल्यावानी."

बाटली भरलेली होती म्हणून. मी अर्धी पिऊन टाकली. आवाज सुधारला, पण याचा हिशोब पुढे चुकता करावा लागणार हे तेव्हा लक्षात आलं नाही.

फुलंब्रीच्या अलीकडे एका फाट्यावर कोथिंबिरीचं गाठोडं घेतलेल्या आजीने हात केला आणि आबांनी ब्रेक मारला. आजी खिडकीशी आल्या. "खुलताबादला जाती का?"

मी म्हटलं, "आजी, ही स्पर्धा आहे. आम्हाला कुणाला घेता येत नाही."

"मग थांबले कशाला? तोंड दाखवायला?"

आबा खजील झाले. "मावशी, मागून गाडी हाय बघा, पंधरा मिनिटांत." ती खरोखर होती, त्यांना वेळापत्रक पाठ आहे. मी डबल दिली आणि निघालो. त्यानंतर मी एक युक्ती केली. रस्त्याकडेला कुणी हात करताना दिसलं की त्याच्या आधीच टण टण. डबल मिळाली की थांबता येत नाही. आबा नुसते हळहळायचे, "जागा होती गं मागं." खुलताबादपर्यंत मी अकरा माणसं अशी सोडली, आणि दर वेळी मलाच अपराधी वाटलं.

पण फुलंब्री ते खुलताबाद या टप्प्यात आबांची खरी कमाल दिसली. मी मांडीवर वही, हातात कॅल्क्युलेटर, तोंडात आवळा घेऊन सरासरी काढत होते. तासाला चौतीस किलोमीटर, कापलेलं अंतर अकरा पूर्णांक चार. मी आकडा सांगायच्या आत आबा म्हणायचे, "आठ सेकंद मागं हाओत." मी गणित करून पाहावं तर आठ. पुढच्या वळणावर, "आता बरोबर." घड्याळाकडे बघायचं नाही, काट्याकडे बघायचं नाही. मी विचारलं, कसं कळतं? म्हणाले, "या रस्त्यानं सात वर्सं गेलो. इथली बाभळ कवा यायची, ते कळतं." बाभूळ आली, आणि बाभळीआड लपलेले पंचही आले. मी खिडकीतून कार्ड दिलं. शून्य दंड. त्याच खिडकीतून पुढच्या मिनिटाला मी आवळ्यासकट सकाळचा चहा बाहेर दिला, पण त्याला दंड नसतो.

खुलताबादहून घाट उतरून दौलताबाद. किल्ल्याजवळची ती जुनी वेस तुम्हाला माहीत असेल, एका वेळी एकच मोठी गाडी जाते. आबांनी त्यातून आमची छोटी गाडी अशी काढली की मला खांबाची गोष्ट खोटी वाटायला लागली. आता वाटतं, ती वेससुद्धा त्यांच्या हातांना पाठ होती. किल्ल्यासमोर वीस मिनिटं विश्रांती. पेरू घ्या, तिखटमीठ लावून मिळतात. बायकांसाठी सूचना अशी की स्वच्छतागृह आहे, पण रांग असते. मी बेलच्या आवाजासाठी तोवर आख्खी बाटली प्यायले होते, त्यामुळे विश्रांतीची अठरा मिनिटं मी रांगेत काढली.

परत आले तर फळ्यावर तात्पुरते नंबर लागलेले. बत्तीस गाड्यांत आम्ही नववे. इरफानभाई आबांच्या पाठीवर थाप मारत होते. "क्या टाइम पकड़े चाचा! हौला कर दिये हमकू!" हौला म्हणजे येडा. आबा लाजून पेरू खात होते. मी प्रशांतला फोटो पाठवला. त्याने अंगठा पाठवला, तोही खूप वेळाने. मला आबांचा एवढा अभिमान वाटत होता की विजेचं बिल फ्रेम करून लावावं, असं मनात आलं.

शहराला वळसा घालून पैठण रस्त्याला लागलो. बिडकीनच्या पुढे वहीतला बाण मोठा रस्ता सोडून गावांतून जाणाऱ्या छोट्या रस्त्याला वळला. दोन्ही बाजूंना तूर आणि कापूस, मध्ये एकच गाडी जाईल एवढं डांबर. आबांचं सेकंद सांगणं थांबलं. मी विचारलं, "कितीने मागे आहोत?" तर म्हणाले, "इकडून कधी आलो नाय."

एक गाव ओलांडलं. समोरून उसाची ट्रॉली आली, आबांनी गाडी डावीकडे घेतली. ट्रॉली निघून गेली तरी गाडी डावीकडेच चालली होती. मी वहीतून मान वर केली तर डाव्या चाकाच्या पुढ्यात पाइपलाइनसाठी खणलेली चारी. चांगली पुरुषभर खोल, कडेला दगड आणि वर एक लाल फडकं. आबा निवांत समोर बघत होते.

मला ओरडताच आलं नाही. हातात चमचा होता. मी बाटलीवर एकदाच हाणला. टण.

सिंगल बेल म्हणजे थांबा. आबांचा पाय त्यांच्या आधी ब्रेकवर गेला. गाडी जागच्या जागी थांबली आणि बंद पडली. दगडांपासून पुढचं चाक वीतभर अंतरावर होतं. मी पुढे वाकून वीत मोजलीच, शिक्षकी सवय.

"बेल का दिली? कोण उतरतंय?" आबांनी विचारलं.

"आबा, डावीकडे बघा."

त्यांनी डोळे वळवले. काही नाही. मग मान वळवली, थोडी, आणखी, पार माझ्या खिडकीपर्यंत. तेव्हा त्यांना ते फडकं दिसलं. मला त्यांचा फार राग आला होता, आणि त्याच वेळी त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

"कधीपासून?" मी विचारलं.

"गणपतीपासून. डाव्या अंगाला धुकं असल्यावानी राहतं. वाटलं, काच पुसली की जाईल." मग म्हणाले, "रोज पुसतो काच."

मागून बावीस नंबर आला. साळवे मॅडमनी खिडकी खाली करून विचारलं, मदत हवी का? आबांनी हात हलवून त्यांना पुढे काढलं. मग हँडब्रेक ओढला, चावी काढली आणि खाली उतरून, बॉनेटला हात लावत लावत माझ्या दाराशी आले. "तू बस तिकडं. लायसन घेतलंय ना लिहून?"

"मला येत नाही, आबा. नऊ वर्षं झाली."

"मला कुठं विचारायचंय तुला. सांगतोय." साळवे मॅडमचा सल्ला त्यांनीही ऐकला होता तर.

राहिले होते चौदा किलोमीटर, ठरवलेला वेग अठ्ठावीस. मी सीट पुढे ओढली, आरसा वाकडा केला, देवाचं नाव घेतलं आणि गाडी दोनदा बंद पाडली. आबा डाव्या सीटवर. वही त्यांनी मागच्या सीटवर टाकून दिली. तिसऱ्यांदा गाडी सुरू झाली तेव्हा मी आपोआप त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी बाटली उचलली, रिकामी आहे ना हे बघितलं, आणि चमचा मारला. टण टण.

त्या चौदा किलोमीटरांत मला दुसरा गिअर सापडला, एका कोंबडीचा जीव वाचला आणि चौथ्या गिअरची ओळख झालीच नाही. आबा सेकंद सांगत होते. रस्ता अनोळखी होता, पण आता त्यांना रस्ता बघायचा नव्हता. "लई मागं हाओत. दाब जरा. आता सोड. म्हस तिची ती जाती, तू सरळ चल." एका फाट्यावर एका काकांनी हात केला. माझा पाय ब्रेककडे गेला. आबांनी डबल दिली. मी म्हटलं, "जागा होती हो मागे," आणि दोघंही हसायला लागलो. चारीनंतर पहिल्यांदाच.

पैठणला शेवटची कमान लागली तेव्हा टाळ्या वाजवायला इरफानभाई पुढे. मी चालकाच्या बाजूने उतरले ते पाहून त्यांनी आबांकडे बघितलं, भुवया वर केल्या आणि टाळ्या चालूच ठेवल्या. जेवण नाथसागराच्या बाजूला होतं, वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी, तीनदा वाढून घेतली. निकालाला दीड तास होता म्हणून मी एका विणकरांच्या घरी पैठणीचे माग बघून आले. साडीची किंमत ऐकून नमस्कार केला आणि काठाच्या कापडाची छोटी पर्स घेतली, साडेतीनशेला.

निकाल लागला. आम्ही पंधरावे. करारात निम्मे म्हणजे सोळा. गळ्यात घालायला एकेक पदक मिळालं, भाग घेतल्याचं, पण आबांनी ते बिल्ल्यासारखं खिशाला लावलं.

परतीचे पन्नास किलोमीटर मी दोन तासांत आणले. मागच्या सगळ्या हॉर्नवाल्यांची इथे माफी मागते. वाटेत आबा एवढंच बोलले, "प्रशांतला काय सांगायचं ते मी बघतो." मला धास्ती वाटत होती. कागदावर ते जिंकले होते. त्यांनी चावी खिशात टाकली असती तर मला घरात सगळं सांगावं लागलं असतं, आणि माझ्याकडून त्यांच्या बिल्ल्याला बट्टा लागला असता.

प्रशांत फाटकात उभा होता. मी गाडी चालवत येतेय हे बघून त्याने चष्मा काढून पुसला. आबा खाली उतरले, खांबाच्या बाजूला जाऊन उभे राहिले आणि हाताने मला आत घेऊ लागले. "येऊ दे, येऊ दे, डावीकडं हातभर हाय, येऊ दे, बास!" गाडी आत आली. खांब शाबूत, दार शाबूत. मी चावी काढून त्यांच्या हातावर ठेवली.

प्रशांत म्हणाला, "पंधरावे ना? ठीक आहे आबा, कराराप्रमाणे. मी काही बोलणार नाही."

आबांनी ती चावी परत माझ्या हातात दिली आणि माझी मूठ मिटली.

"हिच्याकडं राहू दे. मला डावीकडचं दिसत नाय."

"अहो आबा, पण तुम्ही जिंकलात!" प्रशांत म्हणाला.

"जिंकलो म्हणून तर देता आली," आबा म्हणाले. "हरलो असतो तर तू घेतली असतीस."

आणि हातपाय धुवायला आत गेले.

नंतर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. काचबिंदू निघाला. गेलं ते परत येत नाही, राहिलं ते थेंबांनी टिकेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. थेंब रोज ठरल्या वेळी घालायचे असतात, आणि त्यात आबांना आजवर एका सेकंदाचाही दंड झालेला नाही. दारावरचा एकवीसचा स्टिकर काढू नका म्हणून त्यांनीच सांगितलंय. खर्च विचाराल तर फी, पेट्रोल, पेरू आणि पर्स धरून साडेचार हजारांत सगळं बसलं. दोन माणसं, एक धड गाडी आणि एक रिकामी स्टीलची बाटली असेल तर जरूर जा.

आता दर रविवारी आम्ही बाजाराला जातो. मी स्टिअरिंगवर, आबा डावीकडे, प्रशांत पिशव्या घेऊन मागे. गाडी सुरू होते, फाटक उघडं असतं, खांबापासून हातभर अंतर असतं. प्रशांत मागून विचारतो, "निघायचं ना? थांबलीस कशासाठी?"

मी पहिला गिअर टाकून डावीकडे बघते. आबा सावकाश चमचा शोधतात.